ठिणगी थोडी आधी: वालचंद हिराचंद आणि फार्गो ट्रकचं टायमिंग

मोबाईल हँग झाला की आपण रिस्टार्ट मारतो. जुन्या पेट्रोल ट्रकला तशी सोय नाही. इंदापूर तालुक्यात आमच्या पाहुण्यांच्या शेडमध्ये एक फार्गो ट्रक आहे. दिवाळीत गेलो तेव्हा तो सुरू व्हायचा, पण अ‍ॅक्सिलरेटर सोडला की बंद. मी कार्ब्युरेटरचा स्लोचा स्क्रू पिळून आयडल वाढवलं. जागेवर मस्त चालला. लोड घेतल्यावर मात्र ओढ नाही आणि इंजिन तापलं.

बारामतीहून मिस्त्री काका आले. चूक लगेच सापडली, ती पुढे सांगतो. काम झाल्यावर त्यांनी विचारलं, हा ट्रक कुणी आणला माहितीये का? मी म्हणालो, अमेरिकेने. त्यांनी वालचंदनगरच्या दिशेला बोट केलं.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 ला सोलापूरच्या व्यापारी जैन कुटुंबात झाला. घरच्या धंद्यात मन रमेना, म्हणून त्यांनी फाटक नावाच्या भागीदाराबरोबर रेल्वेची कंत्राटं घेतली. 1919 मध्ये सिंदिया कंपनीचं लॉयल्टी हे जहाज मुंबईहून लंडनला निघालं. समुद्रावर तेव्हा इंग्रज कंपन्यांची मक्तेदारी होती. पुढे इंदापूर तालुक्यातल्या कळंबला, नीरा डाव्या कालव्याच्या भागात, त्यांनी ऊस आणि साखर कारखाना उभा केला. तेच आजचं वालचंदनगर.

मोटारीचा कारखाना हे त्यांचं जुनं स्वप्न. 1940 मध्ये क्रायस्लरशी करार झाला, पण युद्धाच्या काळात इंग्रज सरकारने साथ दिली नाही. ते थांबले नाहीत. त्याच वर्षी बंगळूरला विमान कारखाना आणि 1941 मध्ये विशाखापट्टणमला जहाज कारखाना सुरू केला. 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन झाली आणि 1947 मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. सुरुवातीला सुटे भाग बाहेरून आणून जोडणी व्हायची. डॉज आणि फार्गो ट्रक असेच आले.

आता ती चूक. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण जळायला थोडा वेळ लागतो. म्हणून पिस्टन वर पोचायच्या जरा आधीच ठिणगी पडावी लागते. आमच्या ट्रकमध्ये पॉइंट झिजून त्यांच्यातली फट कमी झाली होती, त्यामुळे ठिणगी उशिरा पडत होती. स्लो वाढवून मी फक्त लक्षण झाकलं होतं.

काकांचा क्रम लक्षात ठेवा, कारण प्रत्येक पायरी पुढचीला हलवते:

1. आधी पॉइंटची फट, साधारण अर्धा मिलिमीटर.
2. मग टायमिंग. एक नंबर सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणून पुलीवरची खूण जुळवायची. पॉइंटला छोटा बल्ब जोडून डिस्ट्रिब्युटर हळू फिरवायचा. बल्ब पेटला, म्हणजे पॉइंट उघडले. तिथेच आवळायचं.
3. इंजिन गरम झाल्यावर, शेवटी आयडल. मिक्श्चरचा स्क्रू इंजिन सर्वात स्मूथ चालेल तिथे ठेवायचा आणि स्लो मिनिटाला साधारण 500 फेऱ्यांवर आणायचा.

हे करताना गाडी न्यूट्रलला आणि हँडब्रेक ओढलेला हवा.

वालचंदांच्या कामातही मला हेच दिसतं. देश स्वतंत्र झाल्यावर कारखाना काढू असं म्हटलं असतं, तर 1947 मध्ये हातात फक्त कागद असते. ठिणगी आधी पाडली, म्हणून जोर वेळेवर मिळाला. किंमतही मोजली: विमान कारखाना युद्धकाळात सरकारने घेतला, आणि 1949 मध्ये पक्षाघात झाल्यावर वर्षभरात ते उद्योगातून निवृत्त झाले. 8 एप्रिल 1953 ला सिद्धपूरला त्यांचं निधन झालं. कुर्ल्यातून फियाट आणि मग पद्मिनी टॅक्सी निघाल्या.

वालचंदनगरच्या कारखान्यात आज इस्रोच्या रॉकेटचे भाग बनतात. आमचा फार्गो आता अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी बंद पडत नाही. स्लोचा स्क्रू काकांनी मला परत सैल करायला लावला.