विल्यम हार्पर : शाळा आणि कॉलेजमधील भिंत हलविणारा अध्यक्ष

दहावीचा निकाल लागला की महाराष्ट्रातील घराघरांत ‘ज्युनियर कॉलेज’ हा शब्द उठता-बसता कानावर पडतो. आपल्याकडे १९७० च्या दशकात १०+२+३ हा आकृतिबंध आला आणि हे नाव अकरावी-बारावीच्या वर्गांना कायमचे चिकटले. अमेरिकेत त्याचा अर्थ निराळा आहे. तेथे बारावीनंतरच्या, म्हणजे कॉलेजच्या पहिल्या दोन वर्षांना हे नाव मिळाले. ते रूढ करण्याचे श्रेय शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांच्याकडे जाते. हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचे विषय शिकावेत, त्यांचे श्रेयांक गाठीशी बांधावेत आणि पुढची वर्ष-दोन वर्षे वाचवावीत, या सोयीचा लाभ आज अमेरिकेतील लाखो विद्यार्थी घेतात. शाळा कोठे संपते आणि कॉलेज कोठे सुरू होते, ही रेघ देवाने आखलेली नाही, ती माणसांनी आखली आहे आणि म्हणून ती हलविता येते, हा या सोयीमागचा विचार हार्पर यांनी शंभर वर्षांपूर्वीच मांडला होता. त्यांचे स्वतःचे बालपण पाहिले, तर त्यांना ही रेघ कधी दिसलीच नसावी, असे वाटते.

हार्पर यांचा जन्म २४ जुलै १८५६ रोजी ओहायो राज्यातील न्यू कॉन्कॉर्ड या लहानशा गावात, लाकडी ओंडक्यांच्या घरात झाला. वडील सॅम्युएल यांचे गावात कापडाचे दुकान होते. गाव लहान असले तरी तेथे मस्किंगम नावाचे एक कॉलेज होते. दुकानदाराचा हा मुलगा आठव्या वर्षी त्या कॉलेजच्या पूर्वतयारीच्या वर्गात जाऊन बसला, दहाव्या वर्षी कॉलेजच्या पहिल्या वर्षात गेला आणि १८७० मध्ये, वयाची चौदा वर्षे पूर्ण होण्याआधीच, पदवीधर झाला. पदवीदान समारंभात त्याने भाषण केले ते हिब्रू भाषेत. समोर बसलेल्या गावकऱ्यांपैकी किती जणांना ते कळले असेल, हा प्रश्नच आहे.

अशा बालबुद्धिमंतांच्या बातम्या आम्हा वार्ताहरांना फार प्रिय असतात. दहा वर्षांनी त्या मुलाचे काय झाले, हे विचारायला मात्र सहसा कोणी जात नाही. हार्पर यांच्या बाबतीत ते विचारण्यासारखे आहे. पदवी मिळाली म्हणून घरच्यांनी त्यांना लगेच दूरच्या विद्यापीठात धाडले नाही. पुढची तीन वर्षे हा पदवीधर मुलगा गावातच राहिला. वडिलांच्या दुकानात त्याने गिऱ्हाइके सांभाळली, गावच्या बँडमध्ये तो कॉर्नेट वाजवू लागला आणि उरलेल्या वेळात भाषांचा अभ्यास करीत राहिला. १८७२ मध्ये मस्किंगमनेच त्याला हिब्रू शिकविण्याचे काम दिले. सोळा वर्षांच्या या शिक्षकाचे काही विद्यार्थी त्याच्याहून वयाने मोठे होते.

१८७३ मध्ये हार्पर येल विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांना गुरू लाभले विल्यम ड्वाइट व्हिटनी. संस्कृतच्या अभ्यासकांना हे नाव अपरिचित नाही. व्हिटनी यांचे संस्कृत व्याकरण आणि अथर्ववेदावरील त्यांचे काम भारतातील विद्वानांनीही अभ्यासले आहे. त्यांच्या मार्गदर्शनाखाली हार्पर यांनी लॅटिन, ग्रीक, संस्कृत आणि गॉथिक या चार भाषांतील उपसर्गसदृश अव्ययांचा तौलनिक अभ्यास केला आणि १८७५ मध्ये, वयाची एकोणीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वी, डॉक्टरेट मिळविली. त्याच वर्षी मस्किंगमच्या अध्यक्षांची कन्या एला पॉल हिच्याशी त्यांचा विवाह झाला.

टेनेसी राज्यातील एका लहान संस्थेत वर्षभर काम केल्यानंतर ते ओहायोतील डेनिसन विद्यापीठात आले. तेथे त्यांच्याकडे पूर्वतयारी विभाग होता. म्हणजे कॉलेजच्याच आवारात भरणारी, कॉलेजात जाऊ इच्छिणाऱ्या मुलांची शाळा. त्या काळात अमेरिकेतील बहुतेक कॉलेजांना अशी शाळा जोडलेली असे. शाळा आणि कॉलेज एकाच छपराखाली, अनेकदा एकाच शिक्षकाच्या हाताखाली चालत. हार्पर यांच्या पुढील योजना हवेतून आल्या नाहीत, त्यांची माती ही होती.

१८७९ मध्ये ते शिकागोजवळच्या मॉर्गन पार्क येथील बॅप्टिस्ट धर्मशास्त्र विद्यालयात हिब्रूचे अध्यापक झाले. तेव्हा त्यांचे वय होते बावीस. हिब्रू हा काही गर्दी खेचणारा विषय नव्हे. पण हार्पर यांनी उन्हाळी वर्ग सुरू केले, पत्राद्वारे धडे पाठविण्याची व्यवस्था केली, नियतकालिके काढली आणि खेडोपाडीचे शेकडो धर्मोपदेशक टपालाने हिब्रू शिकू लागले. न्यूयॉर्क राज्यातील शटॉक्वा सरोवराकाठी भरणाऱ्या प्रसिद्ध उन्हाळी शिक्षणसत्रांतही ते शिकवू लागले आणि पुढे तेथील कॉलेज विभागाचे प्रमुख झाले. १८८६ मध्ये येलने त्यांना प्राध्यापक म्हणून परत बोलाविले. जो शिकू इच्छितो त्याच्यापर्यंत शिक्षण गेले पाहिजे, वय, गाव आणि ऋतू पाहत बसू नये, ही त्यांची धारणा या वर्षांत पक्की झाली.

याच सुमारास तेलसम्राट जॉन डी. रॉकफेलर शिकागोत बॅप्टिस्टांचे कॉलेज उभारण्याच्या विचारात होते. १८८९ मध्ये त्यांनी ६ लाख डॉलर देऊ केले. अट अशी, की आणखी ४ लाख डॉलर इतरांनी उभे करावेत. पैसे उभे राहिले, व्यापारी मार्शल फील्ड यांनी जमीन दिली. हार्पर यांना अध्यक्षपद देऊ करण्यात आले, तेव्हा त्यांनी लगेच होकार दिला नाही. साधे कॉलेज नको, संशोधन करणारे पूर्ण विद्यापीठ हवे, हा त्यांचा आग्रह होता. रॉकफेलर यांनी आणखी १० लाख डॉलर दिले आणि १८९१ मध्ये हार्पर यांनी पद स्वीकारले. मग ते माणसे गोळा करण्याच्या मोहिमेवर निघाले. मॅसॅच्युसेट्समधील क्लार्क विद्यापीठातून त्यांनी इतके प्राध्यापक उचलून आणले, की तेथील अध्यक्षांनी हा राग आयुष्यभर मनात ठेवला. त्या प्राध्यापकांत, पुढे नोबेल पारितोषिक मिळविणारे भौतिकशास्त्रज्ञ अल्बर्ट मायकेलसन होते.

१ ऑक्टोबर १८९२ रोजी विद्यापीठ सुरू झाले, तेव्हा इमारतीचे सुतारकामही पुरे झालेले नव्हते. उद्‌घाटनाचा समारंभ झाला नाही. ठरल्या वेळी तास सुरू झाले, इतकेच. आपल्याला शिकागो आठवते ते १८९३ च्या सर्वधर्म परिषदेमुळे आणि स्वामी विवेकानंदांमुळे. ती परिषद ज्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली, त्याचा जत्रेचा भाग या नव्या विद्यापीठाच्या अगदी कुंपणाशी होता.

हार्पर यांनी पहिल्याच दिवसापासून वर्षाचे चार समान भाग केले आणि उन्हाळ्याची सुटी मोडीत काढली. विद्यार्थ्याने कोणत्याही भागात प्रवेश घ्यावा, कोणत्याही भागात बाहेर पडावे. चारही भाग सलग शिकणारा चार वर्षांची पदवी तीन वर्षांत घेऊ शकत असे. नोकरी करणारा रेंगाळत घेऊ शकत असे. वर्षे मोजण्याऐवजी अभ्यास मोजायचा, ही यामागची दृष्टी होती. श्रेयांकाची पद्धत आज आपल्या विद्यापीठांतही आली आहे, तिचा आत्मा हाच आहे.

दुसरा बदल अधिक मूलगामी ठरला. कॉलेजच्या चार वर्षांचे त्यांनी दोन तुकडे केले. १८९६ पासून पहिल्या दोन वर्षांना ज्युनियर कॉलेज आणि नंतरच्या दोन वर्षांना सीनियर कॉलेज म्हटले जाऊ लागले. हार्पर यांचे म्हणणे असे होते, की पहिल्या दोन वर्षांत जे शिकविले जाते ते जातीने हायस्कूलचेच शिक्षण आहे. तीच भाषा, तेच गणित, तीच पाठांतराची आणि मार्गदर्शनाची गरज. खरे विद्यापीठीय काम त्यानंतर सुरू होते. मग ती दोन वर्षे चांगल्या हायस्कूलने आपल्याच गावात का शिकवू नयेत? मुलाने घरी राहावे, आईवडिलांचा पैसा वाचावा आणि विद्यापीठाने त्या अभ्यासाची किंमत मान्य करावी. चौदाव्या वर्षी पदवी हाती असूनही तीन वर्षे घरी राहिलेल्या माणसाची ही योजना आहे, हे लक्षात ठेवले म्हणजे तिचा अर्थ अधिक उलगडतो. आपल्यासारखी घाई सर्वांनी करावी, असे त्यांनी सुचविले नाही. ज्याची तयारी झाली आहे त्याला दारात ताटकळत ठेवू नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

१९०० पासून ज्युनियर कॉलेज पूर्ण करणाऱ्यांना शिकागो विद्यापीठ ‘असोसिएट’ ही स्वतंत्र पदवी देऊ लागले. दोन वर्षांनी शिक्षण थांबविणाऱ्यास मान खाली घालून जावे लागू नये, हा एक हेतू. भारताच्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची मुभा आहे, तिचे समर्थनही जवळपास याच शब्दांत केले जाते. परंतु या नाण्याला दुसरी बाजू होती आणि हार्पर यांनी ती लपविली नाही. ज्यांना पुढे झेपणार नाही अशांनी दोन वर्षांनी सन्मानाने निघून जावे आणि विद्यापीठ निवडक अभ्यासूंसाठी मोकळे राहावे, हेही त्यांना हवे होते. एकाच दाराने आत घ्यायचे आणि त्याच दाराने हळूच बाहेरही काढायचे. या योजनेवर पुढे शतकभर जी टीका झाली, तिचे बीज तिच्या जन्मातच आहे.

शिकागोच्या नैर्ऋत्येस जोलिएट नावाचे औद्योगिक गाव आहे. तेथील हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन हे हार्पर यांच्या परिचयाचे. दोघांच्या विचारविनिमयातून १९०१ मध्ये त्या हायस्कूलच्याच इमारतीत कॉलेजचे वर्ग सुरू झाले. विद्यार्थी होते अवघे सहा. शाळेच्या बाकांवर बसून त्यांनी केलेला अभ्यास शिकागो विद्यापीठाने ग्राह्य धरला. जोलिएट ज्युनियर कॉलेज हे अमेरिकेतील सर्वांत जुने सार्वजनिक सामुदायिक महाविद्यालय म्हणून आजही चालू आहे.

१९०३ च्या सुमारास हार्पर यांनी आणखी पुढची मांडणी केली. आठवीचा वर्ग माध्यमिक शाळेला जोडावा, कॉलेजची पहिली दोन वर्षेही तिलाच जोडावीत आणि अशी होणारी सात वर्षे सहांत बसवावीत. हुशार विद्यार्थ्याने ती पाचांतही पुरी करावीत. त्यांच्या विद्यापीठात त्या वेळी जॉन ड्यूई आपली प्रयोगशाळा-शाळा चालवीत होते. बालवर्गापासून डॉक्टरेटपर्यंत एकसंध शिडी उभारण्याची याहून चांगली संधी कोणाला मिळाली नसती. पण शाळेच्या कारभारावरून, आणि ड्यूई यांच्या पत्नीच्या मुख्याध्यापकपदावरून, दोघांत बिनसले आणि १९०४ मध्ये ड्यूई शिकागो सोडून गेले. हार्पर यांच्या कारकिर्दीतील हा मोठा तोटा म्हटला पाहिजे. दुसरा डाग १९०२ चा. ज्युनियर कॉलेजच्या वर्गांत मुले आणि मुली यांना वेगवेगळे बसविण्याचा निर्णय त्यांनी विरोध डावलून रेटला. विद्यार्थिनी अभ्यासात पुढे जात असताना घेतलेला हा निर्णय त्यांच्या इतर विचारांशी विसंगत होता. काही वर्षांत तो आपोआप विरून गेला. पैशांच्या बाबतीतही ते रॉकफेलर यांच्या सल्लागारांना डोकेदुखी होते. जमेपेक्षा खर्च नेहमी पुढे आणि तूट भरून देणारा तोच दाता.

मार्च १९०४ मध्ये आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेनंतर कर्करोगाचे निदान झाले. फेब्रुवारी १९०५ मधील दुसऱ्या शस्त्रक्रियेने आशा संपविली. त्या वर्षी त्यांनी आमोस आणि होशेय या बायबलमधील संदेष्ट्यांवरील आपले भाष्य प्रकाशित केले, उच्चशिक्षणावरील लेखांचे पुस्तक काढले आणि स्वतःच्या अंत्यविधीचीही आखणी करून ठेवली. १० जानेवारी १९०६ रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे ४९. आयुष्यातील प्रत्येक टप्पा लवकर गाठणाऱ्या या माणसाचा शेवटही लवकर झाला.

त्यांची कल्पना मात्र रेंगाळत पुढे सरकली. रॉबर्ट हचिन्स शिकागोचे अध्यक्ष असताना हायस्कूलची दोन वर्षे झालेल्या मुलांना थेट कॉलेजात घेतले जाई. जेम्स वॉटसन १९४३ मध्ये असेच पंधराव्या वर्षी तेथे आले आणि १९५३ मध्ये डीएनएची रचना उलगडणाऱ्यांपैकी एक ठरले. १९६६ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये केवळ अशा मुलांसाठी सायमन्स रॉक हे कॉलेज सुरू झाले. २००१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये बार्ड कॉलेजच्या मदतीने पहिले ‘अर्ली कॉलेज’ हायस्कूल निघाले. त्यातील मुले बारावीबरोबरच असोसिएट पदवीही घेतात. येथे फी लागत नाही आणि ही शाळा सरकारी आहे, हा फरक लहान नाही. २०२२-२३ या वर्षात अमेरिकेतील सुमारे २५ लाख शालेय विद्यार्थी कॉलेजचे विषय शिकत होते.

हार्पर यांच्या योजनेनुसार साधनांची टंचाई असलेल्या लहान कॉलेजांनी चार वर्षांचा हट्ट सोडून ज्युनियर कॉलेज व्हायचे होते. म्हणजे ज्या प्रकारच्या कॉलेजने दुकानदाराच्या दहा वर्षांच्या मुलाला आत घेतले, त्याच प्रकारच्या कॉलेजांनी. मस्किंगमने तसे केले नाही. ते चार वर्षांची पदवी देत राहिले आणि २००९ मध्ये स्वतःला विद्यापीठ म्हणवू लागले. त्याच्या समोर हार्पर यांचे ओंडक्यांचे घर अजून जपून ठेवलेले आहे.