वेळूच्या ऑर्गनचे कर्ते फादर दिएगो सेरा

ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं एका दूरदेशच्या धर्मगुरूंचें चरित्र वाचकांपुढें ठेवावें असें आम्हांस वाटलें. फादर दिएगो सेरा यांचा जन्म १७६२ सालीं स्पेन देशांतील ग्राउस या गांवीं झाला. ऑगस्टिनियन रिकलेक्ट संघांत प्रवेश करून ते फिलिपाइन्स बेटांत आले, व १७९५ सालीं मनिलाजवळच्या लास पिन्यास येथें प्रमुख धर्मगुरु झाले. गांव कोळ्यांचें व मिठागरांचें. संपत्तीचें नांव नाहीं. तेथील संत योसेफाचें दगडी देऊळ त्यांनींच बांधविलें. वरचेवर बदली होणाऱ्या आम्हां धर्मगुरूंस त्यांचा तेथील तीस वर्षांहून अधिक काळचा वास पाहून थोडा हेवा वाटतो!

देवळांत ऑर्गन हवा. परंतु भात्यांची हवा ज्यांतून घुमते त्या शेंकडों नळ्या धातूच्या करावयाच्या, तर पैसा कोठला? वेळू मात्र विपुल. १८१६ सालीं त्यांनीं वेळू तोडवून समुद्रकांठच्या वाळूंत कित्येक महिने पुरून ठेविले. कच्च्या वेळूस कीड किती लवकर लागते हें आमच्या कोंकणच्या वाचकांस सांगणें नलगे. जे निर्दोष निघाले तेच कामीं घेतले. १८२१ पर्यंत वाद्य बहुतेक सिद्ध झालें. मात्र तुतारीचा स्वर वेळूंतून साधेना, म्हणून तेवढ्या नळ्या धातूच्या करून १८२४ सालीं काम पुरें केलें. एकंदर नळ्या १०३१. पैकीं ९०२ वेळूच्या.

१८३२ सालीं फादर सेरा निवर्तले. पुढें १८८० चा भूकंप व १८८२ चें वादळ यांनीं देवळाचें छप्पर गेलें, वाद्य उघड्यावर पडलें, व नळ्या काढून ठेवाव्या लागल्या. विसाव्या शतकाच्या आरंभीं बेल्जियन मिशनरींनीं कांहीं डागडुजी केली, पण ती अपुरी होती.

अखेर १९७३ सालीं वाद्य सुटें करून जर्मनींतील बॉन शहरीं, योहान्नेस क्लाइस यांच्या कारखान्यांत धाडलें. दीडशें वर्षें दमट उष्ण हवेंत राहिलेला वेळू त्या थंड देशांत तडकला असता, तर फादर सेरांची सारी मेहनत फुकट गेली असती! म्हणून तेथें फिलिपाइन्ससारखी उष्ण व दमट हवा राखणारी खास खोली करण्यांत आली. इकडे लास पिन्यासकरांनीं देऊळहि पूर्वीच्या रूपांत दुरुस्त करविलें. १९७५ सालीं ऑर्गन सुखरूप परतला, व मे महिन्यांत पुन्हां आपल्या जागीं वाजला. पुढल्याच वर्षापासून त्याच्या नांवानें तेथें संगीतोत्सव भरूं लागला.