पेट्रोलमध्ये शिसे आले कसे?

काही वर्षांपूर्वीपर्यंत पेट्रोल पंपावर ‘अनलेडेड’ अशी पाटी ठळकपणे दिसे. १ फेब्रुवारी २००० पासून भारतात शिसेयुक्त पेट्रोलच्या विक्रीवर बंदी आली आणि त्या पाटीची गरज संपली. पण शिशासारखे जुने, ओळखीचे विष मुळात इंधनात घातले कुणी? त्यासाठी थॉमस मिजली यांचे आयुष्य पाहावे लागते.

मिजली यांचा जन्म १८ मे १८८९ रोजी अमेरिकेतील बीव्हर फॉल्स येथे झाला. कॉर्नेल विद्यापीठातून ते मेकॅनिकल इंजिनिअर झाले आणि १९१६ मध्ये डेटन येथे चार्ल्स केटरिंग यांच्या संशोधनशाळेत रुजू झाले. त्या वेळच्या मोटारींना एक खोड होती. चढावर किंवा वेग घेताना इंजिन खडखडे. सिलिंडरमधले पेट्रोल व हवेचे मिश्रण क्रमाने न जळता काही भाग आपोआप पेटे. यालाच ‘नॉकिंग’ म्हणतात. त्यामुळे इंजिनाची ताकद आणि आयुष्य, दोन्ही घटत.

मिजलींनी असंख्य पदार्थ पेट्रोलमध्ये मिसळून पाहिले. अल्कोहोलने नॉकिंग थांबते, हे त्यांना ठाऊक होते. पण अल्कोहोल बरेच मिसळावे लागे, शिवाय ते कुणालाही तयार करता येई. डिसेंबर १९२१ मध्ये त्यांना टेट्राएथिल लेड सापडले. पेट्रोलच्या सुमारे १३०० भागांना याचा एक भाग पुरे. ते स्वस्त होते आणि त्याच्या पेटंटमधून पैसाही मिळणार होता. १९२३ मध्ये हे पेट्रोल ‘एथिल’ नावाने विक्रीस आले. नावात शिशाचा उल्लेख नव्हता.

शिशाची बाधा स्वतः मिजलींनाही झाली आणि १९२३ च्या सुरुवातीला विश्रांतीसाठी त्यांना फ्लोरिडाला जावे लागले. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील कारखान्यात हे रसायन बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन दगावले. त्यानंतर मिजलींनी पत्रकारांसमोर ते रसायन हातांवर ओतले आणि मिनिटभर हुंगून दाखवले. मात्र शिसे शरीरात हळूहळू साठत जाते. मिनिटभराच्या प्रयोगातून त्याची निर्धोकता सिद्ध होत नाही.

१९२५ मध्ये विक्री काही काळ थांबली. डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी धोक्याचा स्पष्ट इशारा दिला. तरीही, रस्त्यावरच्या माणसाला अपाय होतो याचा पुरेसा पुरावा नाही, असे ठरून १९२६ मध्ये विक्री पुन्हा सुरू झाली. पदार्थ सुरक्षित आहे हे विकणाऱ्याने सिद्ध करायचे, की घातक आहे हे डॉक्टरांनी, हा प्रश्न तिथे उलटा सोडवला गेला. त्याची किंमत पुढची अनेक दशके मुलांनी मोजली.

शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत साठवते. मुलांच्या आतड्यातून ते मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त शोषले जाते आणि वाढत्या मेंदूला इजा करते. बुद्धिमत्ता आणि एकाग्रता घटते, रक्त कमी होते. रक्तातल्या शिशाची कोणतीही पातळी निर्धोक मानता येत नाही. १९६५ मध्ये क्लेअर पॅटरसन या भूरसायनशास्त्रज्ञाने वातावरणातले शिसे माणसानेच किती वाढवले, हे मांडले. त्यानंतर चित्र पालटू लागले. मोटारींसाठी असे पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तिथे ते २०२१ मध्ये थांबले.

मिजलींनीच पुढे फ्रीजसाठी फ्रेऑन वायू शोधला. तोही ओझोनच्या थराला घातक ठरला. १९४० मध्ये त्यांना पोलिओ झाला. अंथरुणातून उठण्यासाठी त्यांनी दोऱ्या व कप्प्यांची यंत्रणा तयार केली. त्याच दोऱ्यांत गळा आवळला जाऊन २ नोव्हेंबर १९४४ रोजी त्यांचे निधन झाले.

इंधन निवडताना आपण मायलेज आणि भाव पाहतो. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या ऑक्टेनचेच पेट्रोल घ्यावे. जास्त ऑक्टेनच्या महाग पेट्रोलने साध्या इंजिनाची ताकद सहसा वाढत नाही. पण नवे इंधन किंवा त्यात मिसळायचे नवे रसायन आले, की आणखी एक प्रश्न विचारायला हवा : सायलेन्सरमधून जे बाहेर पडेल, ते कुणाच्या श्वासात जाणार आहे? हा प्रश्न १९२५ मध्ये डॉक्टरांनी विचारला होता. तो तेव्हाच ऐकला गेला असता, तर कित्येक मुले शिशापासून वाचली असती.