सुभाषबाबूंचे चार महिने

गेल्या ऑक्टोबरमधली गोष्ट. एन.सी.सी.च्या सरांनी वार्षिक प्रशिक्षण शिबिराची यादी फलकावर लावली आणि तीत माझे नाव होते. शिबिर दहा दिवसांचे. वर्षभरापूर्वी मी आनंदाने नाचलो असतो, कारण अकरावीपासून सैन्यात जायचे हे एकच स्वप्न मी उराशी बाळगले होते. पण मधल्या काळात डोळ्यांची तपासणी झाली, चष्मा लागला आणि भरतीचा नाद मी सोडून दिला. आता बी.ए. झाल्यावर बी.एड. करून शिक्षक व्हायचे, असे ठरवले होते. मग शिबिराला जाऊन उपयोग काय?

घरी सोयाबीनची काढणी तोंडावर आली होती. माझे वडील दुसऱ्याच्या शेतात राबतात. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. माझी दहा दिवसांची मजुरी म्हणजे आमचा दिवाळीचा किराणा. आईने तुझे तू ठरव म्हणून सांगितले. वडिलांनी मात्र एकच विचारले, की जे काम पुढे करायचेच नाही ते शिकायचे कशाला? या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

सरांनी चार दिवसांची मुदत दिली होती. त्या चार दिवसांत ग्रंथालयातून आणलेले सुभाषचंद्र बोस यांचे चरित्र मी वाचून काढले. आमच्या प्राथमिक शाळेच्या भिंतीवर त्यांचा लष्करी गणवेशातला फोटो होता. तो मी सात वर्षे रोज पाहिला. पण त्या गणवेशावर चष्मा आहे, हे माझ्या कधी लक्षातच आले नव्हते.

सुभाषबाबूंचा जन्म २३ जानेवारी १८९७ रोजी ओरिसातील कटक येथे झाला. वडील जानकीनाथ नामांकित वकील होते. घर मोठे, भावंडे पुष्कळ, पैशाची ददात नाही. १९१३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत ते कलकत्ता विद्यापीठात दुसरे आले आणि प्रेसिडेन्सी कॉलेजात दाखल झाले. पण पुस्तकात मन रमेना. १९१४ च्या उन्हाळ्यात कुणाला न सांगता ते गुरूच्या शोधात घराबाहेर पडले. हरिद्वार, मथुरा, काशी अशी तीर्थे पालथी घातली, मनासारखा गुरू भेटला नाही, म्हणून परत आले. १९१६ साली ओटन नावाच्या इंग्रज प्राध्यापकाला विद्यार्थ्यांनी मारहाण केली. त्या प्रकरणात सुभाषबाबूंचे नाव आले आणि कॉलेजातून त्यांना काढून टाकण्यात आले. विद्यापीठाची दारे बंद झाली. माझ्याच वयाचा तो मुलगा कटकला परत गेला, तेव्हा पुढे काय हे त्याला कुणीच सांगू शकत नव्हते.

याच काळात पहिले महायुद्ध चालू होते आणि ४९ व्या बंगाली पलटणीसाठी भरती सुरू झाली होती. सुभाषबाबू भरतीच्या कचेरीत गेले. बाकीच्या तपासणीत ते उतरले, पण दृष्टी कमी म्हणून त्यांना परत पाठवले. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो. ज्यांच्या नावापुढे सगळा देश नेताजी लावतो, त्यांनाही डोळ्यांपायी घरी पाठवले होते तर!

१९१७ साली विद्यापीठाने त्यांना पुन्हा शिकण्याची परवानगी दिली आणि ते स्कॉटिश चर्च कॉलेजात तत्त्वज्ञान शिकू लागले. त्याच सुमारास इंडिया डिफेन्स फोर्समध्ये विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची एक तुकडी निघाली. तेथे नजरेची तपासणी नेहमीच्या फौजेइतकी कडक नव्हती. सुभाषबाबूंनी नाव दिले आणि ते घेतले गेले.

आता पाहा, हा मुलगा तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी. फौजेत नोकरी करण्याचा त्याचा विचार नव्हता. शिवाय शिकवणार कोण, तर ज्यांच्या राज्याचा मनात राग होता ते इंग्रजच. कॅप्टन ग्रे नावाचा स्कॉटिश अधिकारी त्यांचा प्रमुख होता. तो शिपायाच्या दर्जावरून वर चढलेला, बोलण्यात खडबडीत पण मनाने सरळ गृहस्थ होता. सुभाषबाबूंनी त्याच्या हाताखाली सुमारे चार महिने छावणीत काढले. कवायत, राहुट्यांतले जीवन, पहारा आणि शेवटी बंदुकीचा नेम, असा तो अभ्यासक्रम होता. तीन वर्षांपूर्वी साधूंच्या पायाशी बसून देव शोधणारा मुलगा आता खांद्यावर बंदूक घेऊन इंग्रज कप्तानाचे हुकूम पाळीत होता, याचे त्यांना स्वतःलाही नवल वाटले.

त्यातला एक प्रसंग मला विशेष वाटतो. बंदुका आणण्यासाठी ही तुकडी फोर्ट विल्यम किल्ल्यात गेली. एरवी भारतीयांना त्या किल्ल्यात मज्जाव होता. शिपाई म्हणून मात्र ही मुले कवायतीच्या पावलांनी आत गेली. आपल्या हक्काची पण आपल्यापासून हिरावून घेतलेली वस्तू परत मिळावी, तसे समाधान सुभाषबाबूंना त्या दिवशी झाले. या चार महिन्यांनी त्यांना हुद्दा दिला नाही. अंगी बळ आणि मनात भरवसा मात्र दिला.

१९१९ साली ते बी.ए.ला प्रथम वर्गात उत्तीर्ण झाले, विद्यापीठात दुसरे. मग वडिलांनी त्यांना विचारले, विलायतेला जाऊन आय.सी.एस.ची परीक्षा देणार का? उत्तरासाठी चोवीस तास दिले. त्यांनी होकार दिला. केंब्रिजला जाऊन जेमतेम आठ महिन्यांच्या तयारीवर १९२० साली ते चौथ्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले.

केंब्रिजलाच आणखी एक गोष्ट घडली, जी आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा आढळत नाही. तेथे विद्यापीठाचे अधिकारी-प्रशिक्षण पथक होते. गोऱ्या विद्यार्थ्यांना त्यात प्रवेश होता, भारतीयांना नव्हता. भारतीय विद्यार्थ्यांच्या वतीने सुभाषबाबू आणि आणखी एकजण लंडनला जाऊन सरकारी अधिकाऱ्यांना भेटले. हे प्रशिक्षण पुरे करणाऱ्याला ब्रिटिश फौजेत अधिकारपदाचा हक्क मिळे. भारतीयांनी तो मागितला तर पंचाईत होईल, अशी धास्ती पुढे आली. आम्ही अधिकारपद मागणार नाही, फौजेत नोकरीही करायची नाही, आम्हाला फक्त शिक्षण हवे आहे, असे या दोघांनी कळवले. तरीही एक खाते दुसऱ्याकडे बोट दाखवत राहिले आणि प्रवेश मिळाला नाही.

माझ्या वडिलांचा प्रश्न आणि इंग्रज अधिकाऱ्यांची धास्ती यांत मला एक साम्य दिसले. शिक्षण म्हणजे त्या धंद्याचे जोखड, असे दोघांनीही गृहीत धरले होते. सुभाषबाबूंना तसे वाटत नव्हते. विद्या घेणाऱ्याची असते आणि ती कुठे वापरायची हे तोच ठरवतो, असा त्यांच्या वागण्याचा अर्थ मी लावला.

परीक्षेनंतर सात-आठ महिने ते तळमळत होते. घरच्यांची इच्छा एक, मनाची ओढ दुसरी. थोरले बंधू शरदबाबू यांना त्यांनी पत्रांमागून पत्रे लिहिली. अखेर २२ एप्रिल १९२१ रोजी त्यांनी राजीनामा दिला आणि देशात परतून काँग्रेसच्या कामात उडी घेतली. १९२८ च्या कलकत्ता अधिवेशनात त्यांनी स्वयंसेवकांना गणवेश चढवून कवायतीने चालायला लावले, तेव्हा छावणीतले ते जुने दिवस उपयोगी पडले असणार. जानेवारी १९४१ मध्ये नजरकैदेतून निसटून ते जर्मनीला पोचले, तेथून पाणबुडीने पूर्वेकडे आले आणि जुलै १९४३ मध्ये सिंगापूर येथे आझाद हिंद चळवळीची सूत्रे हाती घेऊन पुढे फौजेचे सरसेनापती झाले. अधिकारपद मागणार नाही असे कळवूनही ज्याला दारातून परतवले, तोच हा माणूस.

पण उत्साहाच्या भरात सत्य झाकू नये. चार महिन्यांच्या कवायतीने कुणी सेनापती होत नाही. १९४४ च्या इंफाळ मोहिमेत धान्य आणि दारूगोळा अपुरा पडला, पावसाने वाटा बंद केल्या, रोगराई पसरली आणि असंख्य जवान माघारीत प्राणास मुकले. १८ ऑगस्ट १९४५ रोजी तैहोकूच्या विमान-अपघातानंतर सुभाषबाबूंचा मृत्यू झाला. त्यांच्या फौजेला दिल्ली गाठता आली नाही. तेव्हा शिबिर केले की यश ठेवलेलेच, असे मी म्हणणार नाही. आणि त्यांच्या घरी दहा दिवसांच्या मजुरीचा प्रश्न नव्हता, हेही मी विसरलेलो नाही.

विद्यापीठांतील १९१७ च्या त्या तुकड्यांचीच परंपरा पुढे वाढत जाऊन १९४८ साली एन.सी.सी. स्थापन झाली. म्हणजे मी अंगात घालतो त्या खाकी कपड्यांचे मूळ सुभाषबाबूंच्या छावणीपर्यंत पोचते. हे वडिलांना सांगितले, तेव्हा ते काही बोलले नाहीत. चौथ्या दिवशी मी सरांकडे होकार कळवला.

शिबिरात माझा नेम सामान्यच ठरला. पण सहाव्या दिवशी वीस-पंचवीस छात्रांच्या कवायतीचे हुकूम देण्याची पाळी माझ्यावर आली. वर्गात उभे राहून दोन वाक्ये बोलताना माझा घसा कोरडा पडत असे. त्या सकाळी पहिला हुकूम घशातच अडकला, दुसरा मात्र मैदानाच्या टोकापर्यंत गेला. उद्या शिक्षक व्हायचे तर हाच आवाज लागणार आहे.

दिवाळीचा किराणा आईने उधारीवर आणला. ती उधारी मी हरभऱ्याच्या पेरणीत राबून फेडली. शिबिराहून आलो त्या दिवशी काढणी पुरी संपली नव्हती. वडिलांनी काय शिकलास म्हणून विचारले नाही. सकाळी त्यांनी विळा माझ्या हाती दिला आणि शेजारच्या ओळीत मला जागा करून दिली.