जॉर्ज एलियट आणि तिचे वाचनसोबती

आमच्या मंडळात दर गुरुवारी दुपारी एकजण वाचते आणि बाकीच्या हातातले विणकाम-भरतकाम चालू ठेवून ऐकतात. ही चाल मंडळाइतकीच जुनी आहे. हल्ली काही तरुण भगिनी विचारतात की, आता प्रत्येकीला वाचता येते, मग मोठ्याने वाचायचे कशाला? वाद घालण्यापेक्षा एका बाईची हकीकत सांगावी, असे माझ्या मनात आले. तिचे नाव मेरी ॲन इव्हान्स. जग तिला जॉर्ज एलियट या नावाने ओळखते.

तिचा जन्म २२ नोव्हेंबर १८१९ रोजी इंग्लंडातल्या वॉरिकशर परगण्यात झाला. वडील रॉबर्ट इव्हान्स एका मोठ्या जमीनदार घराण्याचे कारभारी होते. घर खाऊनपिऊन सुखी, पण पुस्तके मोजकीच. मेरी ॲन लहान असताना कोणी शेजाऱ्याने तिच्या थोरल्या बहिणीला स्कॉटची ‘वेव्हर्ली’ कादंबरी वाचायला दिली. धाकटीची ती अर्धीमुर्धी वाचून होते न होते तोच पुस्तक परत गेले. पोरीने काय करावे? आठवेल तशी ती गोष्ट स्वतःच लिहून काढायला बसली! शेवटी घरच्यांनाच दया आली आणि पुस्तक पुन्हा मागून आणले गेले.

त्या काळी पुस्तक ही चैनीची वस्तू होती. तीन खंडांच्या नव्या कादंबरीला साडेएकतीस शिलिंग पडत. म्यूडीच्या प्रसिद्ध वाचनालयाची वर्षाची वर्गणी एक गिनी, म्हणजे २१ शिलिंग, आणि तेवढ्यात एका वेळी एकच खंड मिळे. घरात खंड एक आणि वाचणारी माणसे पाच-सहा. तेव्हा दिव्याजवळ बसून एकाने वाचावे आणि बायकांनी शिवण घेऊन ऐकावे, हीच रीत सोयीची. आपल्याकडे पोथी लावीत, तसेच म्हणा ना.

१८३६ साली आई वारली आणि सोळा वर्षांच्या मेरी ॲनवर लवकरच सगळा संसार येऊन पडला. मुरंबे घालायचे, लोणी काढायचे आणि वेळ सापडेल तसे इटालियन-जर्मन शिकायचे. पुढे कॉव्हेंट्रीजवळ राहायला गेल्यावर नव्या विचारांच्या स्नेह्यांचा सहवास लाभला आणि १८४२ च्या आरंभी तिने देवळात जायचे नाकारले. वडील संतापले. घर मोडण्यापर्यंत पाळी आली. अखेर तिने देवळात जाऊन बसावे, पण मनात काय विचार करावा हे तिचे तिने ठरवावे, अशी तडजोड झाली.

याच वडिलांचे शेवटचे दुखणे तिने काढले. १८४९ च्या मे महिन्यात ते गेले, तोवर ती उशाशी बसून त्यांना त्यांच्या आवडत्या स्कॉटच्या कादंबऱ्या वाचून दाखवीत असे. येथे माझे मलाच ओशाळल्यासारखे होते. माझ्या सासूबाईंची दृष्टी गेली तेव्हा मीही त्यांना वाचून दाखवी, पण चित्त चुलीवरच्या भाताकडे. मधली दोन-दोन पाने गाळून जाई. त्यांना ते कळत होते. बोलल्या मात्र कधी नाहीत.

वडिलांमागे ती लंडनला गेली आणि एका नामांकित नियतकालिकाचे संपादन पडद्याआडून करू लागली. तेथे जॉर्ज हेन्री ल्यूइस या लेखकाशी तिचा स्नेह जडला. तो विवाहित होता. बायको दुसऱ्यात गुंतलेली, पण तिची ती मुले ल्यूइसने आपल्या नावावर लावून घेतल्यामुळे कायद्याने त्याला घटस्फोट मिळेना. १८५४ साली दोघे मिळून जर्मनीला गेली आणि पतिपत्नीसारखी राहू लागली. हे वाचून काही भगिनींच्या कपाळाला आठी पडेल. माझ्याही पडली होती. पण तिने भोगलेही पुष्कळ. परत आल्यावर प्रतिष्ठित घरांतून ल्यूइसला एकट्याला बोलावणे येई. तिच्या घरी बायका जात नसत. १८५७ मध्ये सख्ख्या भावाने, आयझॅकने, संबंध तोडला.

अशा घरात संध्याकाळी काय होत असेल? ती दोघे वाचीत. बर्लिनच्या हिवाळ्यात जेवण झाले की शेक्सपिअर, गटे, हायने मोठ्याने वाचायचे. पुढे समुद्रकाठी मुक्काम असताना जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्या एकामागून एक वाचल्या. अशाच वाचनात बर्लिनला तिने आपले खेडेगावाच्या वर्णनाचे एक जुने टिपण वाचून दाखवले आणि ही बाई कथा लिहू शकेल, असे ल्यूइसला प्रथम वाटले. १८५६ च्या शरदात तिने पहिली कथा लिहायला घेतली. तीत मिली नावाच्या गरीब संसारी बाईचा मृत्यू आहे. तो प्रसंग तिला निवांत लिहिता यावा म्हणून ल्यूइस मुद्दाम संध्याकाळी बाहेर गेला. परतल्यावर तिने तो वाचून दाखवला आणि दोघेही रडली. तिच्या लेखनाचा पहिला श्रोता पुढेही तोच राहिला. टोपणनावातला ‘जॉर्ज’देखील त्याचाच.

१८५९ साली ‘ॲडम बीड’ निघाली. खुद्द व्हिक्टोरिया राणीने ती वाचली आणि तीतल्या प्रसंगांची चित्रे काढवून घेतली. ज्या घरांनी तिला दार बंद केले होते, तेथे आता तिची पुस्तके गेली. ‘मिडलमार्च’ १८७१ च्या डिसेंबरपासून वर्षभरात आठ भागांत निघाली, पाच शिलिंगांना एक भाग. पुढचा भाग येईपर्यंत वाचकांना डोरोथियाचे काय होणार याची चिंता.

३० नोव्हेंबर १८७८ रोजी ल्यूइस गेला. तिने स्वतःला कोंडून घेतले आणि त्याचा अपुरा ग्रंथ पुरा करीत बसली. त्याच सुमारास जॉन क्रॉस या तरुण स्नेह्याची आई वारली होती. त्याने मनाला विरंगुळा म्हणून दान्ते वाचायला घेतला. त्याला इटालियन फारसे येत नव्हते. तिने त्याच्याजवळ बसून शब्द न् शब्द उलगडून दाखवला. दोघे दुःखी जीव असे वाचता वाचता सावरले आणि मे १८८० मध्ये त्यांनी लग्न केले. तो तिच्याहून वीस वर्षांनी लहान होता. लोक पुन्हा बोलले, पण भावाचे अभिनंदनाचे पत्र मात्र आले, तेवीस वर्षांनी! त्याच वर्षी २२ डिसेंबरला ती वारली. हायगेटच्या दफनभूमीत ल्यूइसजवळच तिची समाधी आहे.

येत्या गुरुवारपासून तिची ‘सायलस मार्नर’ लावावी, असे मी सुचवले आहे. आकाराने लहान आहे. मी वाचून मराठीत सांगत जाईन. प्रत एकच आहे, आणि या वेळी पाने गाळणार नाही.