जोसेफ हेन्री आणि दारावरची घंटा

गेल्या नाताळच्या सुटीत आमचे मेहुणे अमेरिकेहून आले, तेव्हा त्यांनी आमच्या घरासाठी दारावरच्या घंटेची एक नवी तऱ्हा आणिली. दोन बोटे रुंदीची एक पेटी. तिच्या माथ्यावर कॅमेरा आणि खाली कळ. कोणी कळ दाबिली की घरात घंटा वाजते आणि त्याच क्षणी दाराशी उभ्या असलेल्या मनुष्याचे चित्र मोबाइलच्या पडद्यावर दिसू लागते. आमच्या मातोश्री आता ऐंशीच्या घरात आहेत. दिवसा त्या घरी एकट्या असतात, आणि गुडघ्यांमुळे त्यांस खाटेवरून उठून दारापर्यंत येण्यास बराच वेळ लागतो. आलेला मनुष्य ओळखीचा की अनोळखी हे त्यांस बसल्या जागी कळावे, हा मेहुण्यांचा हेतू.

सोबतच्या पुस्तिकेत लिहिले होते की नवी तार ओढण्याचे कारण नाही. जुनी कळ काढावी आणि तिच्या त्याच दोन तारा या पेटीच्या मागील दोन स्क्रूंस जोडाव्या. इतके सोपे काम आपणच का करू नये असे आम्हांस वाटले. आम्ही स्क्रू-ड्रायव्हर घेऊन स्टुलावर चढलोही होतो; इतक्यात शेजारच्या घरी कामास आलेले वायरमन डोकावले आणि त्यांनी प्रथम टेस्टर लावून पाहिला. टेस्टरातील दिवा लागला. अमेरिकेतील घरांत घंटेच्या तारांतून बहुधा 16 ते 24 व्होल्टांचा सौम्य प्रवाह फिरत असतो. तेथील मुख्य प्रवाह 120 व्होल्टांचा, परंतु वाटेत ट्रान्सफॉर्मर बसवून तो उतरविलेला असतो. आपल्याकडे बहुतेक घरांत घंटेच्या कळीपर्यंत सरळ 230 व्होल्ट येऊन ठेपलेले असतात. ती पेटी जळाली असतीच, आणि आमच्या हाताचे काय झाले असते हे लिहावयास नको. मुख्य स्विच बंद करण्याचे भान शास्त्र शिकविणाऱ्या आम्हांस राहिले नव्हते, हे आमच्या विद्यार्थ्यांस येथे सांगून टाकलेले बरे.

पुढे वायरमनांनी स्विच बंद करून त्या दोन तारा मुख्य प्रवाहापासून अगदी सोडविल्या, आत एक ट्रान्सफॉर्मर बसविला, आणि 230 व्होल्टांची जुनी घंटा काढून तिच्या जागी हलक्या दाबावर वाजणारी घंटा लाविली. तरीही पहिल्या रात्री कॅमेरा वारंवार बंद पडला. काटकसर म्हणून आम्हीच लहान शक्तीचा ट्रान्सफॉर्मर आणविला होता; अंधारात पाहण्यासाठी पेटी अधिक वीज घेऊ लागली की तो पुरा पडत नसे. तो बदलताच सर्व सुरळीत झाले.

ही हकीकत वर्गात सांगितली तेव्हा एका मुलाने विचारिले की, कॅमेऱ्यास वीज सतत लागते आणि तिची वाट तर घंटेतूनच जाते. मग घंटा सतत का वाजत नाही? प्रश्न चांगला होता. कळ दाबलेली नसते तेव्हा पेटी घंटेच्या वेटोळ्यातून अगदी थोडा प्रवाह ओढते. तेवढ्याने तेथील लोखंड हलत नाही. कळ दाबिली की प्रवाहास मोकळी वाट मिळते, वेटोळे चुंबक बनते, लोखंडी दांडी ओढली जाते आणि घंटेवर आदळते. लांब तारेच्या दुसऱ्या टोकाशी असलेले लोखंड वीज केव्हा हलवू शकेल आणि केव्हा नाही, हा प्रश्न सुमारे दोनशे वर्षांपूर्वी एका शाळामास्तराने सोडविला. त्याचे चरित्र आमच्या वाचकांस सादर करीत आहोत.

जोसेफ हेन्री याचा जन्म 17 डिसेंबर 1797 रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क संस्थानात ऑल्बनी या गावी झाला. घराणे मूळचे स्कॉटलंडमधील; बाप मोलमजुरी करणारा. घरची स्थिती अशी की सहासात वर्षांच्या जोसेफास गॉलवे नावाच्या खेड्यात आजीकडे ठेवावे लागले. तेथे तो शाळेत जाई आणि उरलेल्या वेळी एका दुकानात काम करी. अभ्यासात त्याचे लक्ष नव्हते. एके दिवशी त्याचा पाळलेला ससा सुटून गावातील प्रार्थनामंदिराच्या जोत्याखाली शिरला. त्याच्या मागोमाग जोसेफही सरपटत आत गेला. फळ्यांच्या फटीतून उजेड दिसला म्हणून वर चढून पाहतो तो पुस्तकांनी भरलेली खोली! तेथील एक कादंबरी त्याने उघडली, आणि त्या दिवसापासून तो त्याच वाटेने पुस्तके वाचावयास जाऊ लागला. सशाचे पुढे काय झाले ते चरित्रकारांनी लिहिलेले नाही.

बाप वारल्यावर तो ऑल्बनीस आईजवळ आला, आणि सुमारे तेराव्या वर्षी त्यास एका घड्याळजी व चांदीकाम करणाऱ्या कारागिराकडे उमेदवार म्हणून ठेविले. त्या धंद्यात त्याचे मन रमले नाही. रमले ते नाटकात. नाट्यमंडळीत त्याचे इतके नाव झाले की तो नटच व्हावयाचा. परंतु सोळाव्या वर्षी दुखण्यामुळे काही दिवस त्यास घरी पडून राहावे लागले. आई भाडोत्री पाहुणे ठेवून घर चालवीत असे. त्यांपैकी एकाने मेजावर ठेविलेले पुस्तक जोसेफाने सहज हाती घेतले. ते ग्रेगरी नावाच्या ग्रंथकाराचे सृष्टिशास्त्र, ज्योतिष आणि रसायन यांवरील व्याख्यानांचे पुस्तक होते. वर फेकलेला दगड खाली का येतो, ज्योत वर का चढते, अशा साध्या प्रश्नांनी ते सुरू होत असे. पुस्तकाच्या मालकाने मुलाची गोडी पाहून ते त्यास देऊन टाकिले, आणि हेन्री यांनी ते जन्मभर जपून ठेविले.

1819 साली ऑल्बनी अकॅडमीने त्यास विनावेतन शिकण्याची सवलत दिली. त्याचे वय तेव्हा एकवीस पुरे झाले होते. लहान मुलांबरोबर वर्गात बसण्याची लाज त्याने धरली नाही. खेड्यातील शाळेत शिकवून व घरोघर शिकवण्या करून तो पोट भरी. वैद्य व्हावे असा विचार होता. मध्यंतरी हडसन नदीपासून ईरी सरोवरापर्यंतच्या सडकेच्या मोजणीवरही त्याने काम केले. शेवटी 1826 साली त्याच अकॅडमीत गणित व सृष्टिशास्त्र यांचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली.

प्राध्यापक हा शब्द मोठा. काम मात्र शाळामास्तराचे. दिवसाचे सात तास शिकवावयाचे, त्यांतील बराचसा काळ लहान मुलांस अंकगणित घोटविण्यात जावयाचा. प्रयोगांस जागा नाही. ऑगस्टच्या सुटीत मुले घरी गेली म्हणजे अकॅडमीचा मोठा दिवाणखाना रिकामा होई. तेवढा एक महिना हेन्री यांचा. शाळा भरण्याची वेळ आली की सर्व साहित्य आवरून ठेवावयाचे आणि पुढच्या ऑगस्टपर्यंत थांबावयाचे. आमच्या व्यवसायबंधूंस हे वाचून काय वाटेल ते आम्ही ओळखून आहोत.

1825 साली इंग्लंडात विल्यम स्टर्जन यांनी पहिला विद्युच्चुंबक बनविला होता. नालाच्या आकाराच्या लोखंडावर व्हार्निश देऊन त्यावर उघड्या तारेचे विरळ वेढे घातलेले असत. तारेस तार लागली की प्रवाह आडवाटेने जावयाचा, म्हणून वेढे जवळ घालण्याची सोय नव्हती. हेन्री यांनी लोखंडाऐवजी तारच रेशमाने मढविली. त्यामुळे वेढ्याशी वेढा भिडवून, एका थरावर दुसरा थर चढवून, शेकडो वेढे घालता येऊ लागले. हे रेशीम त्यांच्या पत्नीच्या परकराचे होते अशी एक आख्यायिका आहे; तिची सत्यता आम्ही पदरात घेत नाही. 1830 साली हॅरिएट अलेक्झांडर या मामेबहिणीशी त्यांचा विवाह झाला होता. 1831 साली येल कॉलेजासाठी त्यांनी जो चुंबक केला त्याने 2000 पौंडांहून अधिक भार उचलून धरिला.

परंतु आमच्या मते भार उचलण्याहून मोठा शोध निराळाच. प्रवाह लांब तारेतून पाठविला की दुर्बळ होतो आणि दूरचा चुंबक निष्प्राण राहतो, हा तेव्हाचा अनुभव. हेन्री यांनी दाखविले की एका मोठ्या घटास अनेक आखूड वेटोळी जोडावी तर जवळचा भार उत्तम उचलतो. पण दूरवर काम घ्यावयाचे तर अनेक घट एकापुढे एक जोडून माळ करावी आणि चुंबकावर एकच लांब तार पुष्कळ वेढ्यांनी गुंडाळावी. वीज कोठून येते आणि तिला कोठे काम करावयाचे आहे, या दोहोंचा मेळ बसला पाहिजे. आमच्या दारातील लहान ट्रान्सफॉर्मर पहिल्या रात्री फसला तो असल्याच मेळाच्या अभावी.

याचे प्रत्यंतर म्हणून 1831 च्या सुमारास त्यांनी अकॅडमीच्या एका दालनाभोवती मैलाहून अधिक लांबीची तार फिरविली. एका टोकास घटमाला. दुसऱ्या टोकास विद्युच्चुंबक, आणि त्याच्या दोन बाहूंमध्ये एका टोकदार खुंटीवर आडवी फिरणारी पोलादी चुंबकपट्टी. प्रवाह सोडताच पट्टी झटक्याने वळे आणि तिचे दुसरे टोक लहानशा घंटेवर आपटे. मैलभर तारेच्या पलीकडून वाजलेली ती घंटा दारावरील विजेच्या घंटेची पूर्वज होय. एकसारखी खणखणणारी घंटा पुढे इतरांनी सिद्ध केली. हेन्री यांची घंटा एका वेळी एकच टोला देई. दारावर लावण्यासाठी त्यांनी ती केलीच नव्हती. मुलांस तत्त्व दिसावे एवढाच हेतू, आणि पेटंट तर त्यांनी आपल्या कोणत्याच शोधाचे घेतले नाही.

लिहिण्याच्या बाबतीत मात्र हेन्री मंद होते, आणि त्याचे फळ त्यांस भोगावे लागले. एका वेटोळ्यातील प्रवाह बदलला की शेजारच्या वेटोळ्यात प्रवाह उत्पन्न होतो, हे तत्त्व त्यांस स्वतंत्रपणे आढळले होते. परंतु ते प्रसिद्ध करण्यापूर्वीच इंग्लंडात मायकेल फॅरडे यांनी 1831 साली तोच शोध जाहीर केला. हेन्री यांनी कुरकुर न करिता 1832 साली आपला लेख छापिला. त्यात वेटोळ्याचा स्वतःवरच होणारा परिणाम, ज्यास स्वयंप्रवर्तन म्हणतात, त्याचे वर्णन होते आणि तो मान त्यांचाच राहिला. 230 व्होल्टांचे सोळा करणारा ट्रान्सफॉर्मर या दोघांच्या शोधावर चालतो.

त्याच वर्षी ते प्रिन्स्टनच्या कॉलेजात गेले. तेथे प्रयोगशाळेपासून घरापर्यंत तार टाकून ते पत्नीस खुणा पाठवीत. जेवणाचा निरोपही त्या तारेवरून जाई. दुरून आलेल्या दुर्बळ प्रवाहाने जवळचा बलवान प्रवाह सुरू वा बंद करण्याची युक्तीही त्यांनी येथे योजिली. 1840 पासून सॅम पार्कर नावाचे एक स्वतंत्र कृष्णवर्णीय गृहस्थ त्यांच्या हाताखाली होते. घट तयार करणे, उपकरणे मांडणे ही सर्व कामे ते करीत; विजेचे धक्केही पुष्कळदा तेच सोशीत. चरित्रांतून त्यांचे नाव बहुधा गळून जाते.

1846 साली वॉशिंग्टन येथील नव्या स्मिथसोनियन संस्थेचे पहिले सचिव म्हणून हेन्री यांची निवड झाली, आणि पुढील बत्तीस वर्षे त्यांचा स्वतःच्या संशोधनाचा काळ जवळजवळ संपला. दुसऱ्यांच्या संशोधनास पैसा व प्रसिद्धी देणे हे त्यांचे काम झाले. तारायंत्राने गावोगावची हवा मागवून ती संस्थेतील नकाशावर मांडण्याची प्रथा त्यांनी पाडली. दीपगृहांच्या तेलाची व धुक्यातील भोंग्यांची परीक्षा ते स्वतः समुद्रकिनारी जाऊन करीत. या थोर पुरुषाचा एक दोष आम्ही झाकणार नाही. 1862 साली फ्रेडरिक डग्लस या विख्यात कृष्णवर्णीय वक्त्यास संस्थेच्या सभागृहात व्याख्यान देऊ देण्याचे त्यांनी नाकारिले. ज्याच्या हातांवाचून आपले प्रयोग अडत असत त्या पार्करची आठवण त्या दिवशी त्यांस झाली नसेल काय?

तारायंत्राचे यश सॅम्युअल मॉर्स यांस लाभले. आरंभी मॉर्स यांची यंत्रे लांब तारेवर चालत नव्हती. प्राध्यापक गेल यांनी हेन्री यांचा 1831 चा लेख वाचून घटांची माळ व पुष्कळ वेढे ही युक्ती त्यांस सुचविली, तेव्हा ती चालू लागली. हेन्री यांनी मॉर्स यांस सल्ला व प्रोत्साहन दिले होते. पुढे पेटंटाचे खटले माजले आणि न्यायालयाच्या आज्ञेने हेन्री यांस साक्ष द्यावी लागली. त्यांनी जे घडले ते सांगितले. त्याचा राग येऊन मॉर्स यांनी 1855 साली त्यांच्यावर छापील हल्ला केला. पैशाचा प्रश्न नव्हता. सत्यवचनी म्हणून असलेले नाव पणास लागले होते. हेन्री यांनी संस्थेच्या विश्वस्तांकडे चौकशी मागितली, आणि तिचा निकाल सर्वस्वी त्यांच्या बाजूने लागला. 1865 च्या जानेवारीत संस्थेच्या इमारतीस आग लागून त्यांची बरीच कागदपत्रे जळून गेली ती गेलीच.

1875 साली एक तरुण त्यांस भेटावयास आला. तारेवरून बोलणे पाठविण्याची कल्पना त्याच्या मनात होती. परंतु विजेचे पुरेसे ज्ञान आपणास नाही, तेव्हा ती दुसऱ्या कोणाच्या स्वाधीन करावी की काय, असा पेच होता. ज्ञान नसेल तर ते मिळव, एवढेच हेन्री यांनी त्यास सांगितले. तो तरुण म्हणजे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल; पुढच्याच वर्षी त्याने टेलिफोनचे पेटंट घेतले.

13 मे 1878 रोजी मूत्रपिंडाच्या विकाराने हेन्री वॉशिंग्टन येथे निवर्तले. 1893 साली शिकागो येथील विद्युत्-परिषदेने प्रवर्तनाच्या मापास हेन्री हे नाव दिले. आपल्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात ते मुलांस भेटतेच. स्मिथसोनियनच्या वाड्यासमोर त्यांचा पुतळा 1883 साली उभा राहिला, आणि त्याच्या चौथऱ्यावर एक विद्युच्चुंबक कोरला आहे.

आमच्या घरची काढलेली जुनी घंटा आम्ही शाळेच्या प्रयोगशाळेत आणून ठेविली आहे. तिचे झाकण उघडले आहे आणि जोडणीची तार कापून टाकली आहे. वेटोळे, लोखंडी दांडी आणि तिला मागे ओढणारी स्प्रिंग ही तिन्ही त्यात स्पष्ट दिसतात. ज्यांस पाहावयाची असेल त्यांनी मधल्या सुटीत यावे.