थॉमस मिजली

थॉमस मिजली, धाकटे (१८ मे १८८९ – २ नोव्हेंबर १९४४) हे अमेरिकन यांत्रिक अभियंता व रसायनशास्त्रज्ञ होते. मोटारीच्या इंजिनातील ठोक्याचे मूळ इंधनात आहे, हे दाखवून त्यांनी त्यावर शिसेयुक्त पेट्रोलचा उपाय शोधला. निदान अचूक, पण उपाय विषारी असे या कार्याचे स्वरूप होते.

जीवन

मिजली यांचा जन्म पेनसिल्व्हेनियातील बीव्हर फॉल्स येथे झाला आणि बालपण ओहायोतील कोलंबस येथे गेले. १९११ मध्ये त्यांनी कॉर्नेल विद्यापीठातून यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी घेतली. रसायनशास्त्राचे औपचारिक शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. १९१६ पासून ते डेटन येथे चार्ल्स केटरिंग यांच्या हाताखाली संशोधन करू लागले.

ठोक्याचे निदान

चढावर, ओझे ओढताना किंवा ॲक्सिलरेटर एकदम दाबल्यावर गाडी अडखळते आणि इंजिनातून हातोडीने ठोकल्यासारखा आवाज येतो. गॅरेजमध्ये याला नॉकिंग म्हणतात. ठोके चालू राहिल्यास दट्ट्याला इजा होते. शिवाय त्या काळी या दोषामुळे इंजिनातील संपीडन वाढवता येत नसे, त्यामुळे शक्तीही वाढत नसे व इंधनही वाया जाई. केटरिंग यांची बॅटरीवर चालणारी प्रज्वलन पद्धत नुकतीच प्रचारात आली होती. साहजिकच अनेकांनी दोष तिच्यावर टाकला.

मिजली यांनी सिलिंडरमधील दाबाचे आलेख घेतले. त्यात दाबाची उसळी ठिणगीच्या आधी नव्हे, तर नंतर दिसली. म्हणजे मिश्रण वेळेआधी पेटत नव्हते. ज्योत पसरत असताना ती पोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण एकदम पेट घेते, हे आजचे स्पष्टीकरण या निरीक्षणाशी जुळते.

इंधनाला लाल रंग दिल्यास ते अधिक उष्णता शोषून लवकर वाफ होईल, अशी त्यांची व केटरिंग यांची कल्पना होती. तेलात विरघळणारा रंग हाताशी नसल्याने मिजली यांनी आयोडीन वापरले आणि ठोका थांबला. मात्र इतर लाल रंगांनी काहीच फरक पडला नाही, तर आयोडीनचे रंगहीन संयुग गुणकारी ठरले. कल्पना चुकीची निघाली, पण उपाय रसायनात आहे हे कळले. ॲनिलीन, सेलेनियम, टेल्युरियम अशी अनेक द्रव्ये तपासल्यावर ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेडचा गुण आढळला. त्याची अगदी अल्प मात्रा पुरेशी होती.

शिसेयुक्त पेट्रोल

हे पेट्रोल फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटन येथे विक्रीस आले. अल्कोहोल मिसळूनही ठोका कमी होतो, हे मिजली यांना माहीत होते. परंतु त्याचे प्रमाण बरेच जास्त लागे, आणि टेट्राएथिल लेडप्रमाणे त्यावर एकाधिकार मिळवणे शक्य नव्हते. विक्रीच्या नावात व जाहिरातीत शिशाचा उल्लेख टाळून केवळ 'एथिल' हे नाव वापरले गेले.

१९२३ च्या प्रारंभी स्वतः मिजली यांना शिशाच्या विषबाधेमुळे विश्रांती घ्यावी लागली. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील उत्पादन केंद्रात विषबाधेने पाच कामगार मरण पावले. त्याच महिन्याच्या अखेरीस मिजली यांनी पत्रकारांसमोर हे द्रव्य हातांवर ओतून त्याची वाफ हुंगून दाखवली. विक्री काही काळ थांबली, परंतु १९२६ मध्ये सरकारी समितीने बंदीचे पुरेसे कारण नसल्याचा निर्वाळा दिला.

नंतरचे कार्य व मृत्यू

१९२८ मध्ये शीतकपाटांसाठी बिनविषारी वायू शोधताना त्यांच्या गटाने फ्रिऑन तयार केला. तो ओझोन थराला घातक असल्याचे पुढे अनेक दशकांनी उघड झाले. त्यांना १९४१ मध्ये प्रीस्टली पदक मिळाले. १९४० मध्ये पोलिओने त्यांचे पाय निकामी झाले होते. अंथरुणातून उठण्यासाठी त्यांनी स्वतःच दोर व कप्प्यांची यंत्रणा बनवली होती. तिच्याच दोरांत गळा आवळून त्यांचा मृत्यू झाला. अधिकृत नोंदीत ती आत्महत्या मानली गेली.

पुढील इतिहास

धुरातून पसरणारे शिसे मुलांच्या मेंदूला विशेष अपायकारक असते. ते गाडीतील उत्प्रेरकी परिवर्तकही निकामी करते. भारतात मुंबईसह चार महानगरांत १९९५ पासून शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि २००० मध्ये वाशिमसारख्या लहान जिल्ह्यांसह देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. २०२१ मध्ये अल्जीरियात मोटारींसाठीची त्याची विक्री थांबली. असा तो शेवटचा देश होता. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांतून येणारे इथेनॉल, म्हणजे मिजली यांनी मागे ठेवलेले तेच अल्कोहोल, आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळले जाते. आयात तेल वाचवणे हा त्यामागील मुख्य हेतू आहे. इंधनाची ठोकारोधक क्षमता त्याने आपोआप वाढते.